पाटीवर घसरलेला खडू

“आत्ता! आत्ता ऐकलंत ना?” सरांनी स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत फिरवून धरलं.

शेजारच्या सीटवर मिस्त्री डोळे मिटून बसला होता. गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात गाडीची ही अकरावी फेरी होती. इंजिनाची घरघर आणि चाकाखाली चुरडणारी खडी, याखेरीज काही नाही.

“नाही, सर.”

“कमालच झाली! पाटीवर खडू घसरावा तसा आवाज येतोय. माझ्या अंगावर काटा येतो.”

छत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. उगाच काहीतरी बोलणाऱ्यांतला नव्हे. मिस्त्रीने पुन्हा डोळे मिटले. “अजून एक घ्या. सावकाश.”

बाराव्या फेरीनंतर सरांनीच इंजिन बंद केलं. “दुपारी मुलगा येतोय,” ते समोर बघत म्हणाले. “त्याला वाटतं माझं डोकं फिरायला लागलंय. गाडीची किल्ली काढून घेणार आणि आम्हा दोघांना त्याच्याकडे नेणार. मंगळवारी आणि शुक्रवारी हिला हॉस्पिटलात मी नेतो. तेवढं एकच काम उरलंय मला. तुम्ही फक्त ‘आवाज आहे’ म्हणा, की तो गप्प बसेल.”

“बघतो ना, सर. काळजी नका करू.”

मिस्त्रीला सगळे कानसेन म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. आज सकाळीच एक टॅक्सी फाटकातून आत वळता वळता त्याने बसल्या जागेवरून सांगितलं होतं, “उजवीकडचा खालचा सांधा गेलाय.” टॅक्सीवाला बघतच राहिला. त्याचा नियमही सगळ्यांना पाठ होता: आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. अंदाजाने पार्ट बदलणाऱ्यांचा त्याला भारी राग.

तरी त्याने सरांसाठी गाडी जॅकवर चढवली. चाकं हलवून पाहिली, सांधे चाचपले, स्टिअरिंगचं तेल बघितलं, इंजिनाचा पट्टा अंगठ्याने दाबला. ताण बरोबर होता.

“पट्टा बदलून तर बघा,” सर म्हणाले. “पैसे गेले तर माझे जातील.”

“न ऐकता बदलला, तर मिस्त्री कशाला म्हणायचं मला?”

एवढ्यात त्याच्या खांद्यावर कुणीतरी थाप मारली. बायको डबा घेऊन आली होती. “फाटकापासून हाका मारतेय. फोनही चारदा केला.”

“कामात होतो गं.”

“नेहमीचंच आहे यांचं,” ती सरांना म्हणाली. “परवा कुकरपाशी बसवलं, तर सगळा भात करपवला.”

“शिट्टीच बिघडलीय त्या कुकरची,” मिस्त्री म्हणाला. “हल्ली एक वस्तू धड मिळत नाही.” गाण्यांबद्दलही त्याचं हेच मत होतं. नुसती धबधब, बासरी कुठे म्हणून नाही. म्हणून तर गॅरेजातला रेडिओ त्याने टॅक्सीवाल्याला देऊन टाकला होता.

सर हसले नाहीत. बायको डबा ठेवून निघून गेली.

मुलगा स्टेशनवरून थेट रिक्षाने आला. शांत, चांगला माणूस. त्याने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला आणि मग मिस्त्रीला बाजूला घेतलं.

“काका, खरं सांगा. मागच्या महिन्यात बाबांनी गॅस रात्रभर चालू ठेवला. आता हा आवाज. आईला विचारलं तर ती त्यांच्या होला हो करते. मी तर लांब राहतो, त्यांच्या गाडीत वर्षभरात बसलेलो नाही. पण तुम्ही म्हणाल ते मानायचं, असं बाबांनीच कबूल केलंय.”

मिस्त्रीने सरांकडे पाहिलं. ते बाकावर बसून किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. एक शब्द खोटा बोलला की झालं. पट्टा बदलायचा, ‘हा गेला आवाज’ म्हणायचं, म्हातारा खूश. त्याचा जीव तुटत होता. पण उद्या खरंच भ्रम झालेल्या माणसाने गाडी कुणाच्या अंगावर घातली तर? आणि चाळीस वर्षं ज्या कानांवर पोट भरलं, त्यांची खोटी साक्ष काढायची?

“आवाज नाही,” तो म्हणाला. “बारा फेऱ्या ऐकल्या. गाडीत काही नाही.”

सरांनी ते ऐकलं. मग उठून त्यांनी किल्ली मुलाच्या हातात दिली.

“कानसेन म्हणतात म्हणजे नसेलच,” ते म्हणाले. “माझंच काहीतरी बिनसलं असेल. हिला कसं सांगायचं, तेवढं सांग मला.”

मुलाचे डोळे भरून आले. त्याने वडिलांना शेजारच्या सीटवर बसवलं, सीटबेल्ट लावून दिला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला.

मिस्त्री फाटकापाशी येऊन उभा राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं, पण खरं बोलल्याचं समाधानही होतं. गल्ली सरळ होती. शिंप्याच्या दुकानापाशी मात्र इतकं अरुंद वळण होतं, की स्टिअरिंग पुरतं फिरवल्याशिवाय गाडी निघत नसे.

गाडी तिथे पोचली आणि डावीकडे वळू लागली.

पायरीवर झोपलेलं कुत्रं दचकून उठलं आणि पळालं. भाजी घेऊन चाललेल्या बाईने मान गर्रकन वळवली. शिंप्याने कापड सोडून दोन्ही हात कानांवर दाबले. गाडी अर्ध्या वळणातच थांबली. मुलगा दार उघडून खाली उतरला आणि मिस्त्रीकडे बघत उभा राहिला.

मिस्त्री कान देऊन ऐकत होता. लांबवर इंजिनाची घरघर येत होती. बाकी गल्ली शांत होती.