दोघांचं माप

स्ट्रायकरला नवे बूट चावू नयेत म्हणून फुटबॉल क्लबचं सामान सांभाळणारे काका आधी स्वतः ते घालून मैदानाला फेऱ्या मारायचे. दोघांचं माप एकच. क्लबने स्ट्रायकरला आज काढून टाकलं. बारमधली ही तिसरी मारामारी. वेटरचा जबडा मोडला होता. आधी दोनदा काकांनीच त्याच्यासाठी मॅनेजरकडे शब्द टाकला होता. तो सामान न्यायला आला तेव्हा बाकीच्यांनी नाड्या बांधायच्या निमित्ताने माना खाली घातल्या. शेवटी तो काकांकडे गेला. “माझे बूट?” काकांनी खाली पाहिलं, त्यांच्याच पायात होते. “टाचेला अजून चावतात. संध्याकाळपर्यंत थांब.” “आता कसली घाई.” तो बाकावर बसला. “या वेळी शब्द टाकला नाहीत?” “नाही टाकला,” काका बाहेर पडत म्हणाले. तो खिडकीतून बघत राहिला. अंधार पडेपर्यंत त्याचे बूट ओस मैदानाला फेऱ्या घालत होते.