दाराशी मीठ
ब्याऐंशीच्या मे महिन्यात नायगावच्या मिठागरालगत हगवणीने सुकलेल्या नातवाला मांडीवर घेऊन जिजाआजी दारात बसली होती. “पानी दिलं का आनखी वाहतं,” म्हणत तिने सकाळपासून पोराला थेंबही दिला नव्हता. मी उन्हातून बांधावरून चालत आलेली नर्स. माझं डोकंच फिरलं. पण भांडले नाही. उकळून गार केलेल्या तांब्याभर पाण्यात मूठभर साखर आणि तीन बोटांच्या चिमटीत मावलं तेवढं मीठ ढवळून वाटीभर आजीपुढे धरलं. “चाखा. आसवांपेक्षा खारट नको.” आजीने चाखलं. डोळे मिटले. पुन्हा चाखलं. “जरा खारट झालं. पानी घाल.” मी घातलं. मग तिनेच चमचा नातवाच्या ओठांना लावला. पोर अधाशासारखं प्यायलं. आजी दारासमोरच्या मिठाच्या पांढऱ्या राशीकडे बघत राहिली. “माझे दोन असेच गेले, बाई,” ती म्हणाली. “दाराशी एवढं मीठ असून.”