विठ्ठलकाका बघतात

प्रणितने एकच फाइल लिहून चालवली आणि ऑफिसच्या सगळ्या सर्व्हरवर पहारा आपोआप बसला. सर्व्हर बंद पडला की ग्रुपवर मेसेज जाणार आणि कोणी ‘मी बघतो’ म्हणेपर्यंत जातच राहणार. फक्त फाइलमध्ये ऑफिसच्या ग्रुपऐवजी त्याने चुकून बाळकुम गावातल्या घरचा, बहिणीच्या हळदीचा ग्रुप टाकला.

हळदीच्याच दिवशी सर्व्हर झोपले. मांडव, मटण, बेंजो, ग्रुपवर काहीही आलं तरी विठ्ठलकाका न वाचता ‘मी बघतो’ टाकायचे. इथेही टाकलं. मेसेज थांबले. सर्व्हर बंदच राहिले.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. नोकरी गेली असं धरूनच प्रणित केबिनमध्ये शिरला.

“हे विठ्ठल कोण रे?” साहेब स्क्रीनवरच्या पहाऱ्याच्या नोंदी बघत म्हणाले. “प्रत्येक मेसेजला लगेच उत्तर. आपल्याकडे एवढं चपळ कोणी नाही.”

“माझे काका आहेत सर.”

“मग त्यांनी केलं काय?”

“काहीच नाही सर. ते नुसतं ‘मी बघतो’ म्हणतात. तरी घरात सगळे त्यांनाच विचारतात.”

साहेबांनी उठून दार लावून घेतलं.

“खरं सांग,” ते हळूच म्हणाले, “माझ्या खुर्चीवर डोळा नाहीये ना त्यांचा?”