विहिरीकडचं शेत

"सगळ्याच कुळांला जमिनी मिळाल्या का, मास्तर?" निलम्मानं विचारलं.

"न्हाई. जे एकाच शेतात सलग कसत व्हते, त्यांलाच. मधी हललेले बसले बोंबलत."

वर्ग हसला. नागप्पा मास्तर युरोपचा इतिहास शिकवत होते. जमीनदारांच्या हाताखालची माणसं मोकळी कशी झाली, हा धडा. खटकचिंचोळीच्या पोरांना युरोप कुठं आहे हेही धड ठाऊक नव्हतं. निलम्माला मात्र सगळं हवं असे. मालक चिडले कामून न्हाईत? मग ते जगले कशावर? अशी चौकस पोर मास्तरांना भारी आवडे, आणि तिचीच धास्तीही वाटे.

ती जगदेवप्पांची लेक. त्यांचं माळावरचं शेत मास्तरांचे वडील शिवाप्पा बारा सालं सलग बटईनं कसत होते. निजामाचं राज्य गेलं, कुळकायदा आला. उन्हाळ्यात पाहणी झाली की ते शेत शिवाप्पांच्या नावावर चढणार होतं. तोवर मालकाची मर्जी सांभाळ, एवढंच म्हाताऱ्याचं सांगणं.

आणि पोरगी रोजचा धडा घरी जाऊन बापाला ऐकवत होती.

एके दिवशी जगदेवप्पांचं बोलावणं आलं. मास्तर शिकवलेला धडा आठवतच त्यांच्याकडे गेले.

"लई चांगलं शिकवायलाव," जगदेवप्पा म्हणाले. "ऐकून माझेच डोळे उघडले. शिवाप्पानं त्या खडकाळ माळावर किती झिजायचं? इहिरीकडचं शेत घ्या, उभ्या ज्वारीसकट. औंदाची येळवस तिथंच करा. गावाला आवतण मी देतो."

शिकवण्यानं माणूस बदलतो असं मास्तर नेहमी म्हणत, पण बदललेला माणूस पहिल्यांदाच बघत होते.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या रानपूजेला, शिवाप्पांनी विहिरीकडच्या काळ्या रानात कडब्याची कोप उभारली, पूजा मांडली. गावानं भज्जी खाल्ली, आंबील प्याली, नवं शेत लाभू दे म्हणून म्हाताऱ्याला तोंडभर सांगितलं. शिवाप्पांना रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मास्तर खुशीतच वर्गात आले.

"निलम्मा, तुझ्या अप्पाला आपला धडा एवढा आवडला व्हय?"

"व्हय, मास्तर. पुढल्या साली शिवाप्पाकाकाला वढ्याकडचं शेत देणारेत, त्याच्या पुढल्या साली आणखी दुसरं. एका जागी राहूच द्यायचं न्हाई म्हणाले."