भात्यातला उजेड

"दिवा घालव," म्हातारा म्हणाला.

त्याच्या मुलीने दिवा घालवला. दुकानामागच्या त्या खोलीला खिडकी नव्हती आणि दाराच्या फटीत जुनं कांबळं कोंबलेलं होतं. चाळीस वर्षं म्हाताऱ्याने घडीच्या कॅमेऱ्यांची परीक्षा इथेच घेतली. कॅमेरा उघडायचा, पाठीमागचं झाकण बाजूला करायचं, भिंगामागच्या चामड्याच्या घडीदार भात्यात बारीक बॅटरी लावायची आणि काळोखात बघत बसायचं. भाता धड असेल तर काही दिसत नाही. भोक असलं की उजेडाचा ठिपका चमकतो. घड्यांचे कोपरे आधी जातात. मग भिंग कितीही भारी असो, फिल्मवर डाग पडलाच म्हणून समजा.

या कामात म्हाताऱ्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. जुना कॅमेरा निवडून द्या म्हणत लोक लांबून यायचे. तो आधी भाता हुंगायचा, मग एका सेकंदाचं शटर कानाशी धरून ऐकायचा. आणि गिऱ्हाइकाला दटावायचा, "झटकन उघडू नका हो! आत हवा ओढली जाते, फिल्म जागची हलते. सावकाश. गाडी चुकतेय का तुमची?" त्याचं आणखी एक बोलणं ठरलेलं होतं. "ज्या दिवशी मला भोक दिसणार नाही, त्या दिवशी दुकानाला कुलूप."

तो दिवस तीन महिन्यांपूर्वीच उजाडला होता. त्या सुमाराला म्हातारा मुलीला काळोखात सोबत बोलवायला लागला. या वयात एकट्याला कंटाळा येतो म्हणाला. तिने पाहिलं, भात्यावर चार ठिपके लखलखत होते. म्हातारा त्यांच्याकडेच तोंड करून बसला होता.

"काही नाही ना गं?" त्याने विचारलं.

बापाला दिसत नाही! आई गेल्यापासून या दुकानाशिवाय त्याला होतं काय? कुलूप लागलं तर महिन्याभरात अंथरूण धरेल. "काही नाही, बाबा," ती म्हणाली.

तेव्हापासून हेच चाललं होतं. दुपारी म्हातारा जेवून आडवा झाला, की ती भाता काढून भोकं बुजवायची. काळा रंग, डिंक, पातळ चामड्याचा तुकडा. शिकवलं होतं बापानेच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती मनाला सांगायची, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटायचं.

मग दवाखान्यातल्या कंपाउंडरची गोष्ट झाली. तपासायला दिलेला आपला कॅमेरा न्यायला तो एक दिवस आधीच आला. त्यातली भोकं बुजवायची राहिली होती आणि ती नेमकी डिंक आणायला बाहेर गेली होती. म्हाताऱ्याने कॅमेरा फडक्यात गुंडाळून देऊन टाकला. काल कंपाउंडर परत आला आणि त्याने एक फोटो काउंटरवर ठेवला. दारात खुर्ची टाकून बसलेली बाई, मांडीवर हात, साडीच्या काठाचा धागान् धागा स्पष्ट. चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग.

"सगळे असेच आलेत, काका," तो म्हणाला. "आणि पुन्हा काढा म्हणू नका. आई मागच्या आठवड्यात गेली."

म्हाताऱ्याने फोटो डोळ्यांशी नेला, त्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिला. मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज ती दुकानात आली तेव्हा म्हातारा तिच्या आधी येऊन बसला होता. टेबलावर कॅमेरा उघडून तयार होता.

बॅटरी लागली. तिसऱ्या घडीवर, उजव्या कोपऱ्यात, एकच ठिपका. बारीक आणि टोकदार. अर्ध्या तासाचं काम, तिने मनात हिशेब केला.

"मला काही दिसत नाही," म्हातारा म्हणाला. "तुला?"

त्याचा आवाज जड होता. कालच्या प्रकाराने खचलाय बिचारा, तिला वाटलं. कंपाउंडरची आई डोळ्यांसमोर आली आणि खरं सांगायला तिने तोंड उघडलंही. पण मग कुलूप. मग अंथरूण.

"असलं तर दिसेल ना! एकही नाही, बाबा."

"नीट बघ."

"बघितलं. ठणठणीत आहे. आणि कालचं मनाला लावून घेऊ नका. त्यानेच उन्हात फिल्म भरली असेल."

म्हातारा उठला. चाचपडत भिंतीपाशी गेला आणि त्यानेच दिवा लावला. मग खिशातून एक सुई काढून टेबलावर ठेवली.

"तिसरी घडी, उजवा कोपरा. सकाळी मीच पाडलंय, बोटांनी चाचपून."

"बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून... मी दुपारी बुजवते सगळी, खरंच..."

"कंपाउंडरचं बुजवलंस?"

म्हाताऱ्याचा हात खुंटीवर कुलूप शोधत होता. ते त्याला लवकर सापडेना. तिने उठून त्याच्या हातात दिलं.

"माझे डोळे गेलेत हे डॉक्टर चार महिन्यांपूर्वीच बोलला," तो म्हणाला. "कुलूप तेव्हाच लावणार होतो. मग म्हटलं, पोरीचे आहेत ना, रोज तिलाच विचारत जाऊ."