शहराची बाजू

"पॉवा, तू शहराची बाजू घे," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

चर्चच्या मागच्या खोलीत हीटर घरघरत होता. फळ्याच्या मधोमध रेघ होती. एकीकडे शहर: ट्रेन, दुकानं, गर्दी. दुसरीकडे गाव: शांतता, मोकळी हवा, ओळखीची माणसं. समोर बसलेली, ब्रह्मदेशातून निर्वासित म्हणून आलेली कारेन मंडळी आठवडाभर गावाबाहेरच्या कोंबडीचं मांस कापायच्या कारखान्यात राबायची आणि शनिवारी सकाळी इथे येऊन इंग्रजीशी झटापट करायची. शहर आणि गाव हा धडा तर उन्हाळ्यातच होऊन गेला होता. बाईंनी तो आज पुन्हा का काढला, देव जाणे.

"थरामू, मी गावाची बाजू घेते ना," पॉवा म्हणाली. बाईंना सगळे थरामूच म्हणत. कारेन भाषेत गुरुजनांना असंच म्हणतात. "शहराबद्दल मला काय बोलता येणार?"

"खरंय!" मागून क्लो काका ओरडले. "मेलबर्नला गेली होती, तर सरकत्या जिन्यापाशी खांबासारखी उभी! नवरा वर, ही खाली. शेवटी बिचारा हिला न्यायला उलटा पळत खाली आला."

वर्ग खो खो हसला. पॉवाही हसली, पण नुसती तोंडदेखली.

उद्या तिचं बिऱ्हाड मेलबर्नजवळ वेरिबीला हलणार होतं. कारखान्यातल्या गारठ्याने तिच्या नवऱ्याची, एडोची बोटं कामातून गेली होती. तिकडे त्याच्या भावाने रोपवाटिकेत काम बघून ठेवलं होतं. घरमालकाला कळवून झालं होतं. खोकी भरून झाली होती. वर्गातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. फक्त ग्लेनिसबाईंना सांगायचं राहिलं होतं.

ज्या बाईने घर मिळवून दिलं, स्वतःच्या गाडीवर गाडी चालवायला शिकवलं, जी धाकटीच्या जन्माच्या वेळी हात धरून बसली, तिच्या तोंडावर 'आम्ही चाललो' म्हणायचं तरी कसं? कारेन माणूस उपकार करणाऱ्याचं मन त्याच्या देखत मोडत नाही. तो गुपचूप निघून जातो. याला ते लोक सभ्यपणा म्हणतात. ज्याला नंतर दारावर कुलूप दिसतं, तो काय म्हणत असेल, हे मात्र कुणी विचारत नाही.

पॉवाने ते पाहिलं होतं. गेल्या हिवाळ्यात तिची चुलतबहीण अशीच न सांगता गेली. दुसऱ्या दिवशी ग्लेनिसबाई भोपळ्याच्या सुपाचं भांडं घेऊन तिच्या दारात आल्या. दार वाजवलं. खिडकीतून आत डोकावल्या. मग भांडं मांडीवर घेऊन पायरीवरच बसल्या, बराच वेळ. समोरच्या घरातून पॉवा पडद्याआडून बघत होती. बाहेर जाऊन दोन शब्द बोलायची तिची छाती झाली नाही. त्या दिवसाची लाज तिला अजून जाळत होती, आणि आता ती स्वतः तेच करायला निघाली होती.

"बोल, पॉवा. दोन वाक्यं बोललीस तरी चालेल." बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, लिहून घ्यायला.

पॉवा उठली. "शहरात कामं पुष्कळ असतात."

"छान."

"शहरात काम करताना हात गोठत नाहीत. शहरात नवऱ्याचा भाऊ असतो. मोठं चर्च असतं. तिथे आपल्या भाषेत गातात."

क्लो काकांचं हसू मावळलं. एकेकाने मान खाली घातली. बाई लिहीत राहिल्या.

"पुढे?"

"शहरात शेजारी कोण, ते माहीत नसतं. आजारी पडलं तर सूप घेऊन कुणी येत नाही."

"हे गावाच्या बाजूचं झालं, पॉवा. शहराचं सांग." बाईंचा आवाज जरा घोगरा आला. "शहरात माणसं कधी जातात?"

असा प्रश्न धड्यात नव्हता. पॉवाने टेबलाची कड घट्ट धरली.

"रविवारी," ती म्हणाली. "सकाळी."

बाईंनी तेही फळ्यावर लिहिलं. मग त्या वळल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"आता गावाची बाजू मी मांडते," त्या म्हणाल्या, आणि वर्गाला शिकवताना बोलायच्या तशाच सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलू लागल्या. "गाव लहान असतं. तुमच्या घरमालकाची बायको माझ्याबरोबर बोलिंग क्लबात खेळते. कुणी तिचं घर सोडायचं म्हटलं, तर मला त्याच आठवड्यात कळतं. मग मी रोज वाट बघते. आज ती येईल, मला सांगेल. ती येत नाही."

बाईंनी फळ्याकडे बोट केलं.

"म्हणून हा धडा काढला. म्हणून तुला ही बाजू दिली." बाई टेबलापाशी आल्या. आता त्या शिकवत नव्हत्या. "खरं सांग, पॉवा. मी हा धडा काढला नसता, तर तू मला सांगितलं असतंस का?"

'हो' म्हणणं सोपं होतं. सभ्यपणाचं होतं. बाईंनाही बहुधा तेच ऐकायचं होतं. पॉवाने मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्यावर उपकार करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं.

"नाही, थरामू."