जास्तीची पत्रावळ

वच्छलानं पाचवी पत्रावळ उचलली आणि चुलीकडे नेली.

"मावशी, ती राहू दे," हान्ना म्हणाली.

"आपन त चौघंच. पाचवी कायले?"

हान्ना पोलंडची. चंद्रपूरच्या कॉलेजात सहा महिन्यांसाठी शिकायला आलेली, वच्छलाच्या लेकीची, करिश्माची, होस्टेलच्या खोलीतली जोडीदारीण. नाताळात रिकाम्या होस्टेलात एकटी काय करेल, म्हणून करिश्मानं तिला भामरागडच्या पलीकडे आपल्या गावी आणलं होतं. चोवीस डिसेंबरची संध्याकाळ होती. आपल्या घरची रीत इथे करू द्या, एवढंच पोरीनं मागितलं होतं, आणि पाहुणीला नाही म्हणायची या घराची चाल नव्हती.

रीत होतीही स्वस्तातली. मटण चालत नाही, मासळी चालते. ती नदीनं दिली. जेवायला पसरलेल्या कपड्याखाली मूठभर तणीस घालायची, ती गोठ्यातून आली. ते पाहून करिश्माच्या बापानं, पत्रूनं, आज बैलाला उपास का, म्हणून विचारून घेतलं. पहिली चांदणी दिसल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हेही त्यानं मान्य केलं आणि दुखरा पाय लांब करून अंगणात आभाळाकडे बघत बसला. घोडं अडलं ते पाचव्या पत्रावळीवर.

हान्ना आपल्या मोडक्या मराठीत सांगू लागली. जिथे शब्द पुरले नाहीत तिथे करिश्मानं जोडून दिले. त्यांच्याकडे या संध्याकाळी एक ताट जास्तीचं मांडतात. न सांगता कोणी दारी आलाच, तर त्याच्यासाठी.

वच्छलाचा हात थांबला. न सांगता दारी येणारा म्हणजे कोण, हे काही वर्षांपूर्वी या गावातल्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. रात्री जंगलातून बंदूकवाले येत आणि भात मागत. सकाळी गणवेशातले येत आणि भात कोणाला घातला ते विचारत. इकडे आड, तिकडे विहीर. तेव्हापासून बाया घरची माणसं मोजून तांदूळ धुवू लागल्या. उरलेला भात म्हणजे पुरावा. जेवण झालं की पत्रावळी लगेच चुलीत. पुढे रस्ता आला, टॉवर आला, बंदूकवाले गेले. हाताला लागलेलं वळण तेवढं गेलं नाही.

या घराला ते सगळं जास्तच महागात पडलं होतं. थोरला सुनिल त्या लोकांबरोबर जंगलात गेला. एकदा घरी आला, जेवला, गेला. दुसऱ्या दिवशी पत्रूला चौकशीला नेलं. परत आला तो हा पाय घेऊन. पुढे सुनिल शरण आला. आता तो गडचिरोलीत गवंडीकाम करत होता. करिश्माला फोन करायचा, पण घरी यायचा नाही. माय त्याचं नाव काढत नव्हती. बापाच्या पायाचा राग अजून गेला नाही, असं करिश्मा धरून चालली होती, आणि सुनिलही.

वच्छला हान्नासमोर उकिडवी बसली.

"तो आला, त नाव विचारता का?"

"नाही."

"कुठून आला, हे?"

"नाही. आधी जेवायला देतो."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी काय?"

"दुसऱ्या दिवशी कोनी विचाराले येत नाई, त्याले काऊन जेवू घातलं म्हून?"

हान्नानं करिश्माकडे पाहिलं. तिला शब्द कळले होते, प्रश्न कळला नव्हता.

"नाई येत, माय," करिश्माच म्हणाली.

"आतापर्यंत किती जन जेवून गेले?"

हान्ना हसली. "कोणीच नाही. माझ्या आजीच्या आधीपासून मांडतात. एकदाही कोणी आलं नाही."

वच्छला हसली नाही. पत्रावळीची काडी नखानं कुरतडत राहिली.

"चांदनी निंगाली," बाहेरून पत्रू म्हणाला. "आता त वाढा."

कोणी हललं नाही.

"तुमच्याकडं पत्रावळ असते, येनारा नसते," वच्छला म्हणाली. "आमच्याकडं येनारा होता."

"भाऊ एकदाच आला होता ना, माय."

"दोनदा. दुसऱ्या खेपेले तुह्या बापाचा पाय बांधून होता. तू झोपली होती. कुडाजवळ येऊन म्हने, माय, भूक लागली. मी जागीच होती. भात नाई म्हनलं. दार नाई उघडलं."

इतकी वर्षं बहीणभाऊ ज्या रागाला भिऊन जपून बोलत होते, तो राग नव्हताच. मायला लेकाला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

वच्छलानं पत्रावळ परत कपड्यावर मांडली. तणसावर ती कलती झाली, तशी तिनं हातानं सारखी केली.

"फोन लाव त्याले."

करिश्मा अंगणाच्या कोपऱ्यात गेली. रेंज तिथेच यायची. सुनिल दचकूनच बोलला. घरून फोन म्हणजे बापाला काही झालं, असंच त्याला वाटलं. माय बोलावते म्हटल्यावर त्यानं दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाला, कधी येऊ? उद्या येऊ का रविवारी? मायला विचारून सांग. तिला जमेल त्याच दिवशी येतो.

करिश्मानं दारातून तसंच विचारलं.

वच्छला मासळी वाढत होती. तिनं मान वर केली नाही.

"ये म्हन त्याले," ती म्हणाली. "पन सांगून नको येऊ म्हन."